खुर्द्याचा हिशेब : ‘कलॉडन’ (१९६४) या माहितीपटाचा प्रकरण अभ्यास

पानिपतच्या पराभवाची बातमी सावकारी भाषेतल्या चिठ्ठीतून आली, हे आपण शाळेपासून ऐकत आलोय. दोन मोती गळाले, सत्तावीस मोहरा हरवल्या, रुपये-खुर्दा किती गेला त्याला गणती नाही. मोती कोण, ते कुणीही सांगेल. मोहरांची नावं काढायला बसलं तर अभ्यासू माणूस बरीचशी काढेल. खुर्दा मात्र खुर्दाच राहिला. लढायांवरचे बहुतेक टीव्ही माहितीपटही याच क्रमाने चालतात. आधी सेनापती, मग नकाशावर सरकणारे लाल-निळे बाण, आणि शेवटी मेलेल्यांचा एक गोल आकडा.

ब्रिटिश दिग्दर्शक पीटर वॉटकिन्स यांनी १९६४ मध्ये बीबीसीसाठी ‘कलॉडन’ केला तेव्हा हा क्रम उलटवला. त्यांनी मोजणी खुर्द्यापासून सुरू केली. आज लढायांच्या माहितीपटांत अभिनेते, धूर, हलता कॅमेरा, ‘जणू आपण तिथेच आहोत’ ही सगळी सामग्री सर्रास असते. तिचा एक मोठा झरा या सव्वा तासाहून कमी लांबीच्या कृष्णधवल चित्रपटात आहे. म्हणून प्रकरण म्हणून हाच निवडला.

लढाई

१६ एप्रिल १७४६. स्कॉटलंडच्या उत्तरेला, इन्व्हर्नेस गावाजवळचा ड्रमॉसीचा, म्हणजेच कलॉडनचा माळ. इंग्लंड-स्कॉटलंडची गादी १६८८ साली गमावलेल्या स्टुअर्ट घराण्याचा वारस चार्ल्स एडवर्ड स्टुअर्ट आदल्या वर्षी स्कॉटलंडात उतरला होता. त्याने एडिंबरा घेतलं, इंग्लंडात थेट डर्बीपर्यंत धडक मारली आणि तिथून तो मागे फिरला. त्याच्या पक्षाला जॅकोबाइट म्हणत. पाठलागावर होता राजा दुसऱ्या जॉर्जचा मुलगा, ड्यूक ऑफ कंबरलंड. दोघंही पंचविशीतले.

१५ एप्रिलला कंबरलंडचा वाढदिवस होता. त्याची छावणी नेर्नला होती. सैनिक खाऊनपिऊन झोपलेले असतील, रात्रीत गाठून छापा घालू, असा जॅकोबाइटांचा बेत. त्या दिवशी त्यांच्या माणसांना शिधा मिळाला तो माणशी एक बिस्किट. अंधारात, चिखलातून चालता चालता रांगा तुटल्या, पहाट जवळ आली आणि छापा न घालताच फौज परत फिरली. त्याच उपाशी, न झोपलेल्या माणसांना काही तासांत माळावर उभं केलं गेलं. तोंडावर पावसाचा आणि गारांचा मारा होता. उपासमारीने लढाई ओढवून घ्यायला लावणं म्हणजे काय, हे पानिपत ठाऊक असलेल्या वाचकाला वेगळं सांगायला नको.

समोर कंबरलंडची आठ-नऊ हजारांची कवायती फौज आणि पहिल्या फळीत तीन पौंडी दहा तोफा. जॅकोबाइट पाच-साडेपाच हजार. लॉर्ड जॉर्ज मरे या त्यांच्या सर्वांत जाणत्या सेनानीला ही जागा मान्य नव्हती. उघड्या, सपाट माळावर तोफखान्यासमोर उभं राहायचं आणि तलवारी उपसून धावत जायचं, यात शहाणपण नाही हे त्याला दिसत होतं. त्याचं चाललं नाही. तासाभराच्या आत सगळं संपलं. सरकारी बाजूचे मृत ५०, जखमी २५९, असा कंबरलंडचा नेमका हिशेब आहे. जॅकोबाइट मृत-जखमी मिळून ‘दीड ते दोन हजार’. एका बाजूला नेमके ५० आणि २५९, दुसऱ्या बाजूला ‘दीड ते दोन हजार’. चित्रपट नेमका या फरकात शिरतो.

अडचण

माहितीपट करणाऱ्याची पहिली गरज असते चित्रांची. पहिल्या-दुसऱ्या महायुद्धांची फिल्म आहे. अमेरिकन यादवी युद्धाची निदान छायाचित्रं आहेत. केन बर्न्स यांनी १९९० मध्ये त्या स्थिर छायाचित्रांवरून हळूहळू कॅमेरा फिरवत आख्खी मालिका उभी केली. १७४६ चं काय? कलॉडनचं सर्वांत गाजलेलं चित्र डेव्हिड मोरिए या चित्रकाराचं, तेही कंबरलंडच्या पदरी असलेल्या माणसाचं. त्यात हायलँडर, म्हणजे स्कॉटलंडच्या उत्तरेकडच्या डोंगराळ हायलँड मुलखातले लोक, तलवारी परजत सरकारी ग्रेनेडियरांच्या (निवडक पायदळाच्या) संगिनींवर तुटून पडतायत. या हायलँडरांसाठी मोरिएने बंदी बनवलेल्या जॅकोबाइटांनाच समोर उभं केलं होतं, असं परंपरेने सांगितलं जातं. जेत्याच्या चित्रकारासमोर हरलेल्याने स्वतःच्याच पराभवाची पोझ द्यायची! चित्र उत्तम आहे, पण त्यावर सत्तर मिनिटं काढता येत नाहीत.

दुसरा मार्ग अमेरिकन सीबीएस वाहिनीने १९५० च्या दशकात दाखवला होता. ‘यू आर देअर’ या कार्यक्रमात वॉल्टर क्रॉन्काइट निवेदन करत आणि वार्ताहर ऐतिहासिक पात्रांच्या मुलाखती घेत. युक्ती फक्कड, पण सगळं स्टुडिओत. भिंती पुठ्ठ्याच्या आणि पात्रांचे कपडे इस्त्रीचे.

वॉटकिन्स तेव्हा तिशीच्या आत होते. बीबीसीत येण्याआधी हौशी चित्रपट करून ते नावारूपाला आले होते. हंगेरीतला १९५६ चा उठाव त्यांनी ‘द फरगॉटन फेसेस’ मध्ये इंग्लंडातल्या कँटरबरीच्या गल्ल्यांत, हौशी मंडळींना घेऊन असा उभा केला होता, की तो खरा वार्तापट वाटावा. थोडक्या माणसांत गर्दी कशी दाखवायची हे त्यांना तिथे उमगलं होतं. बीबीसीच्या माहितीपट विभागाचे ह्यू व्हेल्डन यांनी संधी दिली. पैसा बेताचाच होता.

जे ठरवलं ते

पहिला निर्णय कॅमेऱ्याबद्दलचा. १९६४ चं टीव्ही वार्तांकन पथक १७४६ च्या माळावर हजर आहे, असं धरून चालायचं. हे कसं शक्य आहे याचं स्पष्टीकरण द्यायचं नाही, विनोद करायचा नाही, डोळा मारायचा नाही. कॅमेरा हातात, थरथरता. सैनिक त्यात थेट पाहतात, प्रश्नांना उत्तरं देतात. हायलँडर गेलिक या आपल्या भाषेत बोलतात आणि निवेदक त्याचा इंग्रजी तर्जुमा सांगतो, जसा परदेशातल्या बातमीत सांगतात. निवेदनाचा आवाज वॉटकिन्स यांचाच, कोरडा, बातमी वाचणारा. ऑगस्ट १९६४ मध्ये इन्व्हर्नेसच्या परिसरात चित्रीकरण झालं. डिक बुश यांचं छायाचित्रण, मायकेल ब्रॅडसेल यांचं संकलन. ऐतिहासिक सल्लागार होते जॉन प्रेबल. त्यांचं कलॉडनवरचं पुस्तक १९६१ मध्ये आलं होतं आणि चित्रपटाची मांडणी बरीचशी त्यावरच उभी आहे.

दुसरा निर्णय माणसांबद्दलचा. एकही व्यावसायिक नट नाही. सरकारी फौजेतली माणसं लंडनची आणि स्कॉटलंडच्या सखल प्रदेशातली. जॅकोबाइट टोळ्यांतली माणसं इन्व्हर्नेसची. हे चेहऱ्यावर दिसतं, उच्चारात ऐकू येतं. मोरिएच्या चित्राची ती दंतकथा इथे उलटी झालेली वाटते. या वेळी हरलेल्यांच्या मुलखातल्या लोकांनीच हरलेल्यांचं सोंग घेतलं, पण काय दाखवायचं ते जेत्याच्या पदरचा माणूस ठरवत नव्हता.

तिसरा निर्णय सर्वांत मोलाचा. मी हा चित्रपट पुन्हा पुन्हा पाहतो तो त्यासाठीच. लढाई सुरू होण्याआधी कॅमेरा फौजेतून हिंडतो आणि निवेदक एकेकाची ओळख करून देतो. पराक्रम, घराणं, बिरुदं यांना फाटा. सांगतो तो हिशेब. चार्ल्सचा लष्करी अनुभव काय, तर तेराव्या वर्षी एका वेढ्यात दहा दिवस. त्याचे वयोवृद्ध सहकारी सर थॉमस शेरिडन यांनी याआधीची लढाई कधी पाहिली होती, तर छप्पन वर्षांपूर्वी. इंग्रज शिपायाला दिवसाला किती पेन्स मिळतात, त्यातून कशाकशाचे कापून घेतात.

मग निवेदन हायलँडच्या टोळीपद्धतीवर येतं. सर्वांत वर टोळीप्रमुख. त्याच्याकडून जमीन खंडाने घेणारा टॅक्समन. टॅक्समनकडून तुकडा कसणारा पोटकूळ. आणि सर्वांत खाली कॉटर, ज्याच्याकडे म्हणण्यासारखं काही नाही. खंड फक्त धान्याने किंवा पैशाने फिटत नाही, माणसाने फेडावा लागतो. प्रमुखाने हाक दिली की यायचं. न आलास तर छप्पर जळेल, गुरं जातील. माळावर थंडीने कुडकुडत उभा असलेला हा कॉटर स्टुअर्ट घराण्यासाठी लढायला आलेला नाही, झोपडी वाचवायला आलेला आहे. हे ऐकल्यावर प्रेक्षक त्या चेहऱ्याकडे पुन्हा पाहतो, आणि कॅमेराही तिथून हलत नाही.

आपल्याकडच्या वतनदारीचे, वेठबिगारीचे कागद ज्यांनी चाळलेत त्यांना हा भाग ऐकताना अंगावर काटा येईल. मला आला. जहागिरीच्या पत्रात ‘इतके स्वार, इतके प्यादे’ असं लिहिलेलं असतं. त्या ‘प्यादे’ या शब्दाला नाक-डोळे फुटले तर असं दिसेल.

लढाईचा भागही याच शिस्तीत. तोफा सुरू होतात. गोळा म्हणजे काय, तो काय करतो, हे निवेदक वस्तूची ओळख करून दिल्यासारखं सांगतो आणि लगेच कॅमेरा ते दाखवतो. मग छर्रे, मग संगीन. डोळ्यांत पाणी आणायला वाद्यवृंद नाही. हल्ल्याच्या हुकमाची वाट पाहत, तोफांच्या माऱ्याखाली जॅकोबाइट नुसते उभे आहेत आणि हुकूम येत नाही, हा काळ चित्रपट जाणूनबुजून लांबवतो. लढाईच्या चित्रपटात ‘काहीच घडत नाही’ ही गोष्ट सर्वांत भयानक करून दाखवणं सोपं नाही. दगडी भिंतीआडून अँड्र्यू हेंडरसन हा व्हिग, म्हणजे स्टुअर्टविरोधी पक्षाचा इतिहासकार, कंबरलंडचा भावी चरित्रकार, लढाई पाहतोय आणि कॅमेऱ्याला सांगतोय. इतिहास कुठे बसून लिहिला जातो ते एका भिंतीत आलं.

हजारोंची फौज दाखवायला माणसं मोजकी. म्हणून चौकट घट्ट. खांदे, चेहरे, धूर, मधेच पडलेला हात. दूरचं दृश्य क्वचित. ही पैशाची अडचण होती हे खरं, पण त्या अडचणीनेच चित्रपट वाचवला असं माझं मत आहे. आज संगणकावर पाच हजार हायलँडर उभे करता येतात. केले की ते पुन्हा खुर्दा होतात.

लढाई संपल्यावर

बाकीचे माहितीपट जिथे श्रेयनामावलीकडे वळतात तिथे ‘कलॉडन’ला कुठे सुरुवात झालेली असते. मैदानावरच्या जखमींना ठार मारणं, इन्व्हर्नेसच्या रस्त्यावर पळणाऱ्यांचा पाठलाग, त्यात सापडलेले बघे, मग पुढच्या आठवड्यांत दऱ्याखोऱ्यांतली घरं जाळणं आणि गुरं हाकून नेणं, हे सगळं चित्रपट त्याच वार्ताहराच्या आवाजात सांगतो. इतिहासातला पुढचा भाग असा : बंदीवानांपैकी सुमारे १२० जणांना देहदंड, ९०० हून अधिक जणांना समुद्रापलीकडे धाडलं गेलं. हायलँड पेहरावावर कायद्याने बंदी आली, ती १७८२ पर्यंत टिकली. प्रमुखांचे वंशपरंपरागत न्यायदानाचे हक्क काढून घेतले गेले.

शेवट टॅसिटस या रोमन इतिहासकाराच्या प्रसिद्ध वाक्याने होतो : त्यांनी वाळवंट केलं आणि त्याला शांतता म्हटलं. टॅसिटसने ते शब्द रोमनांविरुद्ध लढणाऱ्या कॅलेडोनियाच्या, म्हणजे याच स्कॉटिश उत्तरेच्या, एका सरदाराच्या तोंडी घातले होते. निवड अचूक आहे. त्या काळात अमेरिका व्हिएतनामच्या डोंगराळ मुलखात ‘शांतता प्रस्थापित’ करत होती, आणि ते साम्य आपल्या मनात होतं असं वॉटकिन्स यांनी स्वतः सांगितलंय.

१५ डिसेंबर १९६४ ला बीबीसीवर चित्रपट दाखवला गेला. कौतुक झालं, पुरस्कार मिळाले. पुढच्याच वर्षी वॉटकिन्स यांनी हीच युक्ती भविष्याकडे वळवली. ब्रिटनवर अणुबाँब पडला तर काय होईल, याचा वार्तापट म्हणजे ‘द वॉर गेम’. तो बीबीसीने दाखवायलाच नकार दिला. चित्रपटगृहांतून तो गेला, सर्वोत्तम माहितीपटाचं ऑस्कर मिळालं, आणि ब्रिटिश टीव्हीवर यायला १९८५ उजाडलं. दोनशे वर्षांपूर्वीचे मुडदे दाखवलेले चालतात. उद्याचे चालत नाहीत.

जे निसटलं

इथे मला चित्रपटाशी भांडायचं आहे.

वार्ताहराचा आवाज हे या चित्रपटाचं बळ आहे आणि तीच त्याची लबाडी. पुस्तकात इतिहासकार ‘बहुधा’, ‘असं दिसतं’, ‘यावर मतभेद आहेत’ असं लिहू शकतो. घटनास्थळी उभा असलेला बातमीदार तसं म्हणत नाही, कारण तो ‘पाहतोय’. त्यामुळे प्रेबल यांची एक मांडणी, वजनदार पण वादग्रस्त, चित्रपटात साक्ष होऊन बसते. तोफमाऱ्याखाली जॅकोबाइट नेमके किती वेळ उभे होते? परंपरा अर्धा तास म्हणते, काही अभ्यासक तो बराच कमी धरतात. चित्रपटात हा प्रश्नच उद्भवत नाही.

मोठी गफलत फौजेच्या स्वरूपाबद्दल आहे. चित्रपटातली जॅकोबाइट फौज म्हणजे उपाशी, तलवारधारी टोळ्यांचा जमाव, मध्ययुगातून चुकून अठराव्या शतकात आलेला. प्रत्यक्षात त्या फौजेत ईशान्य स्कॉटलंडच्या सखल भागातले पुष्कळ लोक होते, फ्रान्सच्या सेवेतल्या आयरिश आणि स्कॉटिश कवायती तुकड्या होत्या, पलटणींची रचना होती, फ्रेंच बंदुका होत्या. मरी पिटॉक यांच्यासारख्या इतिहासकारांनी ही बाजू ठासून मांडली आहे. जमिनीनेही साक्ष दिली. टोनी पोलार्ड आणि नील ऑलिव्हर या पुरातत्त्वज्ञांनी २००० नंतर बीबीसीसाठी ‘टू मेन इन अ ट्रेंच’ ही मालिका केली, त्यात कलॉडनचा माळही धातुशोधक घेऊन पिंजून काढला. ब्रिटिश आणि फ्रेंच बंदुकांची गोळी वेगवेगळ्या मापाची, त्यामुळे मातीतून निघालेली शिशाची गोळी कुणाची ते बरंचसं ठरवता येतं. जॅकोबाइटांनीही दंतकथेपेक्षा बराच गोळीबार केला होता, असं दिसून आलं. तो कार्यक्रम ‘कलॉडन’ इतका हलवून सोडत नाही. दोन माणसं माळावर खड्डे खणतायत, बाकी काही नाही. पण त्यात ‘चूक होऊ शकते’ ही शक्यता पडद्यावर दिसते. वॉटकिन्स यांच्या चित्रपटात ती दिसत नाही.

आणि गंमत अशी की गरीब कुळांविषयीच्या कळवळ्यानेच हा घोटाळा केला. ही माणसं बळी आहेत हे सिद्ध करायचं तर ती हतबल, मागास दाखवणं सोयीचं पडतं. एखादा कॉटर बंदूक नीट चालवणारा, कवायत शिकलेला, कदाचित स्टुअर्टांवर खरोखर निष्ठा असलेलाही असू शकतो. चित्रपटाने त्याला चेहरा दिला, आवाज दिला, पण मत फारसं दिलं नाही. वॉटकिन्स यांना हे पुढे जाणवलं असावं. २००० साली त्यांनी पॅरिस कम्यूनवर, म्हणजे बंडखोर पॅरिसकरांच्या अल्पजीवी राजवटीवर, पावणेसहा तासांचा ‘ला कम्यून’ केला. त्यात १८७१ मध्ये एक सरकारी टीव्ही आहे आणि एक कम्यूनचा टीव्ही. दोघं एकाच घटनेची निरनिराळी बातमी देतात, आणि बिगरव्यावसायिक कलाकार आपल्या भूमिकांबद्दल स्वतःची मतं मांडतात. बातमीदाराच्या आवाजावरचा विश्वास तोवर त्यांनी स्वतःच मोडीत काढला होता.

नॅशनल ट्रस्ट फॉर स्कॉटलंडने माळावर जे पर्यटक केंद्र उभं केलंय तिथे चारही भिंतींवर लढाईची फिल्म चालते. प्रेक्षक मधोमध, दोन्ही फौजांच्या कचाट्यात. चार-पाच मिनिटांचा हा अनुभव दणदणीत. पण अंगावर धावून येणाऱ्या माणसाचा खंड किती थकलाय ते तिथे कळत नाही.

असईपर्यंत

एक धागा आपल्या मुलखात येतो, तो सोडवत नाही. कलॉडननंतर ब्रिटिश सरकारने हायलँडर माणूस वाया जाऊ दिला नाही. पलटणीच्या पलटणी उभ्या केल्या. कायद्याने बंद झालेला पेहराव फक्त या पलटणींच्या अंगावर चालत होता. ७८ वी हायलँडर पलटण १७९३ मध्ये उभी केली ती फ्रान्सिस हंबरस्टन मॅकेन्झी या टोळीप्रमुखाने, मुख्यतः आपल्याच जमिनींवरच्या माणसांतून. चित्रपटातला तो माणसाने फेडायचा खंड सत्तेचाळीस वर्षांनी पुन्हा गोळा झाला, या वेळी राजाच्या खात्यात.

२३ सप्टेंबर १८०३ ला, आजच्या जालना जिल्ह्यातल्या असईच्या मैदानात, हे ७८ वे आणि ७४ वे हायलँडर इंग्रज सेनापती आर्थर वेलस्लीच्या फौजेत होते. समोर शिंदे आणि भोसल्यांची फौज, शिंद्यांच्या कवायती पलटणी आणि उत्तम तोफखाना. ७४ वी पलटण असई गावाच्या फार जवळ सरकली आणि मराठी तोफांनी ती अक्षरशः चिरडली. उघड्या रानात, तोफांच्या तोंडी उभे हायलँडर. दृश्य तेच, फक्त समोरच्या तोफा बदललेल्या. शेवटी मैदान वेलस्लीचं झालं.

त्या दिवसाचा इंग्रजांचा हिशेब उपलब्ध आहे : मृत ४२८, जखमी १,१३८, बेपत्ता १८. कलॉडनच्या माळावर ज्यांचे आजे ‘दीड ते दोन हजार’ या ढोबळ आकड्यात गेले, ते हायलँडर इथे एक-एक करून मोजले गेले. शिंदे-भोसल्यांच्या बाजूचा आकडा मात्र गोल आहे : मृत सुमारे बाराशे.